हनुवटी उचलल्याशिवाय नाही

टेक

ठोसा गालफडावर बसला आणि ती मागच्या कपाटावर जाऊन आदळली. कपाटाच्या काचा साखरेच्या होत्या, फुटायलाच बनवलेल्या, त्या फुटल्या. चौकट मात्र खऱ्या लाकडाची. लाकूड फुटलं नाही, तिच्या खांद्यात काहीतरी कुरकुरलं. नवऱ्याने तिची मान पकडली, तोंड टेबलावर दाबलं, ताटं खाली गेली, मग पोटात लाथ. ती टेबलाखाली गेली. तिथून तिला पाय धरून बाहेर ओढायचं होतं, तेवढ्यात दिग्दर्शक अगदी मऊ आवाजात म्हणाले, "कट. फार छान."

नवरा म्हणजे सिनेमातला नवरा. एरवी तो तिचा सख्खा मोठा भाऊ आणि या सिनेमाचा फाइट मास्टर. तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला.

"फार छान," दिग्दर्शक पुन्हा म्हणाले, "फक्त डोळे."

तिने टेबलाखालूनच विचारलं, "परत मिटले?"

"ठोसा यायच्या आधीच. अगदी जरासे. पण कॅमेऱ्याला दिसतात ना, काय करणार."

"परत करू," दादा म्हणाला. "मिटते कशी बघतो."

टेक, टेक, आणखी एक टेक

मिटले. परत मिटले. मग ओठ फाटला आणि मिटले. मग तिने झोप उडाल्यासारखे डोळे ताणून धरले, तर दिग्दर्शक म्हणाले की आता ती मार खाणारी बाई दिसत नाही, भूत बघितलेली बाई दिसते. मग दादाने एक अशी ठेवून दिली की कानात बराच वेळ शिट्टी वाजत राहिली. तेव्हाही मिटलेच.

सेटवर तिला सगळे पडीक म्हणायचे. जिन्यावरून पड, गच्चीवरून पड, चालत्या गाडीतून पड. पडण्याचंच खाते म्हणून पडीक. आजवर तिची पाठ पडद्यावर पुष्कळदा आली होती. नायिकेचे कपडे, नायिकेसारखे केस, आणि चेहरा कायम केसांखाली. या सिनेमात पहिल्यांदाच चेहरा होता. शेजारणीचं काम. एक अक्षर बोलायचं नाही. नवरा स्वयंपाकघरात मारतो, मग केसांना धरून घरातल्या अरुंद बोळातून फरफटत दारापर्यंत नेतो आणि पायऱ्यांवरून खाली फेकतो, एवढंच. पण कॅमेरा सबंध वेळ तिच्या तोंडावर. नवऱ्याची फक्त पाठ दिसणार. एवढा मार खायला कुठली नटी तयार होईल? म्हणून काम तिच्याकडे आलं होतं, आणि तिला ते इतकं हवं होतं की जेवतानाही ती समोर आरसा ठेवायची.

"पुढच्या आठवड्यात एकदा बघू," दिग्दर्शक जाता जाता म्हणाले. "नाहीच जमलं तर चेहरा सोडून देऊ. मावशींना विग घालू आणि पाठीमागून घेऊ."

मावशी म्हणजे पुरुष. खांदे अरुंद, कंबर बारीक, म्हणून तरुणपणापासून बायकांच्या जागी पडायला त्यांनाच उभं करत आलेले. इतकी वर्षं विग घालून टक्कल पडलेलं. ते कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "माझ्या नशिबी परत बाईपण आणू नकोस गं."

घरी

दादाची तालीम घरामागच्या गोदामात चालायची. भिंतीला टेकवलेल्या गाद्या, दोऱ्या, घामट पॅड आणि मधोमध दादा. त्याची पद्धत त्याच्या उस्तादाची, आणि उस्तादाने दिलेली खूण म्हणजे दादाच्या तोंडात पुढचे दात नव्हते. मोजणी मारणाऱ्याची. एक, दोन, तीन म्हणायचं आणि तीनवर मारायचं. पण कधी दोनवर मारायचं, कधी तीन होऊन गेल्यावर, कधी एकच्याही आधी.

"खऱ्या माराला मोजणी असते का?" दादा म्हणायचा. "तुला कळलं कधी येणार, की तू नाटक करणार. कळलंच नाही, की जे होईल ते खरं."

"पण डोळे मिटतात."

"मिटू नकोस."

"मुद्दाम मिटते का मी?"

"मग कोण मिटतं, शेजारी येऊन?"

आणि धाड. त्या आठवड्यात तिने भिंतीवर डोकं आपटलं, गुडघा सोलला, जीभ चावली. वहिनी तिच्या कोपरांना पॅड बांधायची आणि सोडवायची. वहिनीचं तोंड एरवी बंद असायचं, पण बांधता बांधता ती एकदा म्हणाली, "माझेही मिटतात. तुझा दादा नुसता घरात शिरला तरी."

वहिनी हसली म्हणून तीही हसली. हसण्यासारखं काय होतं ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

हा टेक नाही, हा रस्ता आहे

तालमीनंतर ती पाव आणायला गेली. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस मागून आला आणि त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी हिसकली. तिने सोडली नाही. तो वळला. रुंद, चपट्या नाकाचा, एका हाताच्या बोटाला चिकटपट्टी.

आता ही बाई रोज मारामारी करून पोट भरते. तिने त्याला लोळवायला हवं होतं की नाही? तिने ठोसा मारला. सुरेख मारला. खांद्यातून निघालेला, कमरेतून वळलेला, आणि नेमका त्याच्या जबड्यापासून वीतभर अलीकडून गेलेला. इतकी वर्षं हात तिथूनच न्यायची सवय. कॅमेऱ्याला लागल्यासारखा दिसतो आणि समोरच्याला लागत नाही. कॅमेरा नव्हता. तो माणूस क्षणभर गोंधळून तिच्या मुठीकडे बघत राहिला. मग त्याने तिला एक थोबाडीत दिली, फार जोरात नव्हे, आणि तिचं अंग आपोआप त्या दिशेने उडालं, एक गिरकी घेतली आणि दुकानाबाहेरच्या रिकाम्या डब्यांच्या उतरंडीवर पडलं. उतरंड कोसळली. समोरच्या पायरीवर बसलेले दोघे टाळ्या वाजवायला लागले. मदतीला कोण येणार? एवढ्या झकास पडणाऱ्या बाईला मदत लागते असं कुणाला वाटेल?

मग त्या माणसाने तिला खरोखर मारलं. बरगडीत बूट. पुन्हा तिथेच. पिशवीच्या पट्ट्यावरची बोटं टाचेखाली. केस धरून डोकं उचललं आणि खाली सोडलं. पिशवी घेऊन तो निघून गेला, आणि ती डब्यांमध्ये पडून राहिली, तोंडात रक्त आणि माती.

घरी दादा पोट धरून हसला. "वीतभर अलीकडून! चोरालासुद्धा! अगं, निदान त्याच्याकडून शॉट ओके करून घ्यायचास!"

ती हसली नाही. ती वेगळ्याच गोष्टीत अडकली होती. त्या माणसाच्या बोटाची चिकटपट्टी सुटत आली होती. डोकं खाली सोडताना त्याने स्वतःचा ओठ चावला होता. बुटाचा तळ पुढच्या बाजूला उकलला होता. हे सगळं तिला आठवत होतं.

म्हणजे डोळे उघडे होते.

कपड्यांची खोली

"मग त्यात नवल काय?" मावशी म्हणाले. ते सेटवरच्या कपड्यांच्या खोलीत विग विंचरत बसले होते आणि ती बरगड्या सांभाळत समोरच्या पेटीवर. "तो चोर तुला एक-दोन-तीन म्हणाला होता का?"

"नाही."

"त्याने तुला फसवलं का?"

तिने विचार केला. "चोरी केली. फसवलं नाही."

"हां. तुझा दादा मोजतो आणि खोटं मोजतो. डोळ्यांना ते कळतं. ते म्हणतात, यांचं काही खरं नाही, आपण आपलं दार लावून घेऊ." त्यांनी विग डोक्यावर चढवला, पट्ट्या दाबल्या. "ये. धर माझे केस."

"मावशी, आधीच माझ्या बरगड्या..."

"धर म्हणतो ना."

तिने केस मुठीत धरले. मावशींनी लगेच दोन्ही हातांनी तिची मूठ स्वतःच्या डोक्यावर दाबून धरली, किंचाळले आणि जमिनीवर पडले. तीही खेचली गेली. ते पाय झाडत, रडत, भेकत खोलीभर फरफटले, पेट्यांवर आपटले, दाराला धडकले. कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं की ही बाई या म्हाताऱ्याचा जीव घेतेय. आणि ती? ती नुसती त्यांच्या डोक्यामागून ओढली जात होती. मूठ सोडवायला गेली तर सुटेना.

"कोण कुणाला ओढतंय?" मावशींनी खालून विचारलं.

तिने मुठीकडे पाहिलं. ती अजून त्यांच्याच हातांत होती.

"मार खाणाऱ्याने गाडी चालवायची असते," मावशी धापा टाकत म्हणाले. "मी तयार झालो की हनुवटी उचलतो. हनुवटी उचलली की समोरच्याचा हात निघतो. उचलल्याशिवाय नाही. मग डोळे मिटायचं कारणच उरत नाही; तुझाच हुकूम, तूच बघत राहतेस."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुझ्या दादाच्या गोदामात? मला माझे उरलेले दात प्यारे आहेत."

तिने दादाला सांगितलं. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो फक्त "बरं" म्हणाला. दोन दिवस त्याने तिची हनुवटी उचलल्यावरच हात उगारला, कुरकुरत, पण तसाच उगारला. तिचे डोळे उघडे राहिले. वहिनीने पॅड सोडवताना तिचा दंड दाबला.

शेवटची संधी

दिवे, कॅमेरा, काचा नव्याने बसवलेलं कपाट. दादाने तिची कॉलर धरली. तिने हनुवटी खाली ठेवली होती. श्वास घ्यायचा, टेबलाची कड पाठीला लागू द्यायची, मग उचलायची. ती त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघत होती. विश्वासाने बघत होती, हे तिला नंतर कळलं.

मूठ आली. हनुवटी खालीच होती.

नाकाच्या हाडाचा आवाज तिला आतून ऐकू आला, कोरडी फांदी मोडावी तसा. डोळ्यांपुढे काजवे. रक्त तोंडात, गळ्यात, ओट्यावर. ती कपाटावर आदळली, काचा अंगावर आल्या, मान पकडली गेली, टेबल, ताटं, लाथ. अंगाने सगळं बरोबर केलं. आणि या सगळ्यात डोळे टक्क उघडे, कारण ते अजून हनुवटीची वाट बघत होते.

"कट," दिग्दर्शक म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लागला! अप्रतिम! ते डोळे बघितलेत?"

सेटवर टाळ्या झाल्या. वहिनी कापूस घेऊन धावली.

दादा तिच्यासमोर उकिडवा बसला, खूश होऊन. "मिळालं ना तुला तुझं काम?"

"मी हनुवटी उचलली नव्हती."

"उचलली असतीस तर असा लागलाच नसता."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला उलटी आली. ती बाजूला वळून ओकली. रक्तच निघालं जास्त.

"सूज वाढायच्या आत बोळातलं घेऊन टाकू," दिग्दर्शक घाईने म्हणाले. "केस धरून ओढायचं, बोळ, दार, पायऱ्या. एका दमात. जमेल ना हो तुम्हाला?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्या नाकाकडे बघत होते. काळजीने नव्हे, हिशेबाने. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये हेच मोडलेलं नाक लागणार होतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. कितीही विग आणले तरी नव्हतं. दादाने तिला असं काही मारून ठेवलं होतं की आता तिच्यावाचून कुणाचं पुढे चालणार नव्हतं.

"जमेल," ती म्हणाली. कापसामुळे शब्द चोंदलेले. "मारणार मावशी. माझी हनुवटी उठली की."

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं.

"नवऱ्याची पाठच तर दिसते," ती म्हणाली. "तोच शर्ट मावशींना घाला. खांद्यात कापूस भरा."

"इतक्या वर्षांनी पुरुषाचं काम!" मावशी कोपऱ्यातून म्हणाले. "मला येईल की नाही कोण जाणे."

दिग्दर्शकांनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा नाकाकडे. "शर्ट बदला," ते म्हणाले.

भिंतीमागे

सेटच्या भिंती प्लायवूडच्या. पुढून स्वयंपाकघर, मागून नुसत्या फळ्या, खिळे आणि अंधार. ती पाणी प्यायला मागे गेली तर दादा शर्ट काढून उघडा उभा होता. त्याने तिचा गळा धरला आणि तिला फळीवर चेपलं. भिंत हादरली.

"मी शिकवलं तुला," तो दात नसलेल्या तोंडाने म्हणाला. थुंकी तिच्या गालावर उडाली. "पडायला मी शिकवलं. उभं राहायलाही. आणि चारचौघांत माझा शर्ट उतरवतेस?"

बोटं आत गेली. श्वास थांबला. तुटलेल्या नाकातून येत नव्हताच, आता तोंडातूनही येईना. तिने त्याच्या मनगटावर नखं रुतवली, गुडघा मारला, तो चुकला. त्याने तिचं डोकं फळीवर आपटलं. परत आपटलं. खिळ्याचं टोक डोक्याच्या कातडीत शिरलं.

मग तिने सोडवायचं सोडलं. दोन्ही हात त्याच्या हातावर ठेवले आणि तो हात स्वतःच्या गळ्यावर घट्ट दाबून धरला. दादा चमकला. ती बाजूला सरकली, तोही सरकला. ती मागे चालली, तोही चालला, उघडा, वाकलेला, हात तिच्या गळ्यात अडकलेला. त्याने हिसका दिला. त्या हिसक्यासरशी तिने दोन पावलं आणखी घेतली. फळीतलं दार पाठीने उघडलं आणि त्याला घेऊन ती लख्ख दिव्यांखाली, स्वयंपाकघराच्या मधोमध आली.

सगळ्यांनी पाहिलं. कॅमेरावाला, दिवेवाले, चहाचा कप घेतलेले दिग्दर्शक. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. दादा हात ओढत होता आणि हात सुटत नव्हता. त्याच्या तोंडावर जी भीती होती ती आजवर फक्त आपल्याच तोंडावर असते असं तिने धरलं होतं.

वहिनी पुढे आली. दादाला काही बोलली नाही. तिला म्हणाली, "सोड आता त्यांना."

तिने सोडलं. दादा दोन पावलं मागे गेला, फुटलेल्या काचांवरून चालत बाहेर पडला. साखरेचीच काच, पायाला लागली नाही.

पुढचं रीळ, आधी

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे धाकधूक नको.

नाक वाकडं बसलं. तिने स्वतःची टोळी काढली आणि बरेच दिवस कुणी काम दिलं नाही. लोक म्हणायचे, हनुवटीवाल्या बाईकडे फार वेळ जातो. पहिल्याच मोठ्या कामात तिच्या हिशेबात चूक झाली आणि तिच्या एका माणसाचा घोटा मोडला. त्याच्या घरी जाऊन ती दारात उभी राहिली, त्याच्या बायकोने तोंडावर दार लावलं. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. मग एका नटाचं मनगट दुसऱ्याच कुणाच्या तालमीत मोडलं, आणि त्याने हट्टाने तिला बोलावून घेतलं. मग दुसऱ्याने. अजूनही दिग्दर्शक तिच्या उशिराबद्दल कुरकुरतात आणि अजूनही तिलाच बोलावतात. तिच्या टोळीत सगळ्यांचे दात जागेवर आहेत. वहिनी तिथेच पॅड बांधते. दादा येत नाही.

तो नाकाचा ठोसा मात्र सिनेमात तसाच आहे. लोक आजही येऊन त्याचंच कौतुक करतात, म्हणतात, काय काम केलंत, अंगावर काटा आला. ती ऐकून घेते. काय सांगणार?

बोळ

मावशींनी शर्ट घातला होता, खांद्यात कापूस, टकलावर टोपी. त्यांचा हात तिच्या केसांत शिरला. तिने दोन्ही हातांनी तो दाबून धरला.

हनुवटी.

ती किंचाळली आणि ओट्यावरून खाली आली, मावशींना घेऊन. स्वयंपाकघराची फरशी, तिच्या रक्ताने निसरडी. दाराच्या चौकटीला तिने पाय अडकवला, केस ताणले गेले, डोक्यातलं रक्त कपाळावर आलं. हनुवटी. मावशींचा गुडघा तिच्या पाठीत बसला, बसल्यासारखा. बोळ. खुंटीवरचे कोट तिच्या हाताने खाली आले, आरसा आला, फुटला. ती एका भिंतीवर आदळली, दुसऱ्या भिंतीवर आदळली, मावशी मागून फरफटत. हनुवटी. ठोसा कानाजवळून गेला आणि तिने डोकं असं फेकलं की कॅमेरावाल्याच्या तोंडून "आई गं" निघालं. डोळे उघडे. सगळं दिसत होतं, मावशींच्या टोपीची सुटलेली शिवणसुद्धा. दारापाशी शेवटचा मार, मग पायऱ्या. दारापाशी तिचा पाय क्षणभर अडला, पायऱ्या दिसल्या. हनुवटी उशिरा उचलली गेली. मावशींची मूठ हवेत थांबली, मग निघाली. दार उघडलं. ती पायऱ्यांवरून खाली गेली, खांदा, कंबर, डोकं, खांदा, आणि खालच्या दगडांवर तोंड वर करून पडली.

"कट!" दिग्दर्शक वरून ओरडले. "ओके! झालं! आवरा!"

ती तशीच पडून राहिली. बरगड्या जळत होत्या.

"परत," ती म्हणाली.

"अहो, कशाला? सुरेख झालाय!"

"दारापाशी मी उशीर केला. यांची मूठ थांबली."

"कुणाला दिसणार आहे?"

"मी घाबरले म्हणून उशीर झाला," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच उच्चारत होती, आणि आजवर प्रत्येक चूक तिला दुसऱ्याने ओरडून सांगितली होती. ही तिला स्वतःला सापडली होती. कोपरावर रेटा देऊन ती बसती झाली. "चूक माझी आहे. परत करू."

"माझे गुडघे गेले गं," मावशी वरच्या पायरीवर बसून म्हणाले. "पुरुषांना पॅड देतात की नाही?"

"वहिनी, यांना पॅड बांध."

आरसा बदलला. कोट खुंटीवर गेले. फरशी पुसली, मग दिग्दर्शकांनी आठवण करून दिल्यावर पुन्हा तशीच रक्ताळ केली. ती पायऱ्या चढून वर आली, एकेक पायरी, कठडा धरून, बोळ ओलांडून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहिली. मावशींचा हात केसांत आला. दिवे लागले. कुणी काही मोजलं नाही. सगळे तिच्याकडे बघत थांबून राहिले.